मुहूर्तमेढ खाणारी घोडी

६ डिसेंबर १९८७, रविवार

घोडीने मुहूर्तमेढ खाल्ली!

शेलारला लडकू पाटलाच्या पोराचं लग्न. नवरदेव आत बाशिंग बांधून घेत होता, वाजंत्री बिड्या ओढत होते, आणि आमची शेवंती मखमली झूल घालून मांडवाच्या तोंडाशी बांधलेली. पाऊण तास झाला असेल. मी पाहुण्यांशी गप्पा मारतोय. एवढ्यात कानावर आलं — कट्. कट्. कर्रर्र. एवढ्या गोंगाटात! माझे कान असे की वखारीत गवताची गाठ फोडली तर नुसत्या आवाजावरून सांगीन, गवत कुठल्या डोंगराचं. धावलो. तोवर आंब्याचे डहाळे फस्त, हळदकुंकू लावलेली मेढ वीतभर कुरतडलेली, आणि शेवंतीच्या पांढऱ्या ओठाला कुंकू.

लडकूची म्हातारी, ठकुबाई, कपाळ बडवायला लागली. "अजून नवरी घरान न्हाय आली, आन् मेढ खाल्ली! मेढ खाल्ली गं बाय!" नवरदेव शेवटी जीपमधून गेला. घोडी मागे रिकामी. पंचवीस वर्षांत असं कधी झालं नाही.

परत येताना अय्यूब टांगा हाकत एकच वाक्य बोलला. "हिरामण, कुंकू तो लग गया. अब इसका भी लग्न लावून टाक."

हसू आलं नाही.

७ डिसेंबर

बातमी माझ्या पोराकडे, रामनाथकडे, माझ्याआधी पोचली. पोरगा चहा पितापिताच म्हणाला, "दादा, आता बास. तबेला पाडू. कापडाचे बारा लूम बसतात तिथे. मशीनवाल्याशी बोलून ठेवलंय."

"आणि शेवंती?"

"कल्याणचा एक जण घेतो म्हणतोय."

"आणि अय्यूब?"

त्याने बशीत चहा ओतला. अय्यूब आणि त्याची बायको हबीबा यांची खोली तबेल्याच्या भिंतीलाच टेकलेली आहे. तबेला पडला की ती पडणार. अय्यूब आणि मी मिळून पहिला टांगा भाड्याने घेतला होता — सकाळी तो हाकायचा, दुपारनंतर मी. त्याला म्हातारपणी सांगू, की बाबा, ऊठ, इथे लूम येतोय?

शेवटी तोड निघाली. फेब्रुवारी संपेपर्यंत घोडीची खोड गेली तर तबेला राहील. नाही गेली तर एक मार्चला पहार. मी शब्द दिला. दिलेला शब्द मी गिळत नाही. घोडी गिळते तेवढं पुरे.

९ डिसेंबर

वही घेऊन तबेल्यात बसलो. तासाभरात शेवंतीने काय काय खाल्लं — गव्हाणीचं सागवान. भिंतीचा चुना, चाटून चाटून. हबीबाने वाळत टाकलेल्या टॉवेलचं टोक. आणि लिहू की नको — स्वतःची लीद!

बरं, खायला कमी म्हणावं तर तसंही नाही. सकाळी भिजवलेले चणे. संध्याकाळी जव आणि गूळ. सणाला तुपाची पोळी. गवत नावाला, मूठभर. गवताने पोट सुटतं, आणि नवरदेवाखाली पोटाळलेली घोडी शोभत नाही. शिवाय खरं सांगायचं तर — बाराव्या वर्षापासून दिघाशीच्या डोंगरावरून गवताचे भारे मी डोक्यावरून वाहिले. मान अजून एका बाजूला कलते. आज गवताची वखार माझी आहे. माझ्या घोडीने चणेच खायचे! घर बांधताना लाद्या उरल्या त्या तिच्या खोलीला बसवल्या. नवाबच्या शेजारून काढून वेगळी ठेवली, त्यालाही दोन वर्षं झाली. नवाब म्हणजे अय्यूबचा टांग्याचा घोडा. म्हातारा, पादरा. राणी कुठे, तो कुठे!

घरात यावं तर तिथेही तोच आवाज. माझी बायको पुतळा झोपाळ्यावर बसून कच्चे तांदूळ चावते. पदराच्या गाठीत बांधून ठेवलेले. कुरुम-कुरुम. म्हटलं, अगं, सून भात शिजवते की! तर म्हणे, "तोंडाला चाळा." दोन्हीकडून माझं डोकं उठलंय.

१४ डिसेंबर

गावात घोड्याचे एवढे जाणकार आहेत हे मला माहीत नव्हतं. वखारीत येणारं प्रत्येक गिऱ्हाईक इलाज सांगतं. एकाच्या मते नजर. एकाच्या मते आधीच्या मालकाची हाय. पानवाला म्हणतो, घोडी गेल्या जन्मी सुतार होती. रामनाथच्या लूमवरचा एक भैया म्हणाला, "चाचा, इसको तंबाकू खिलाओ, आदत छूट जायेगी." म्हटलं, तुझी सुटली का?

पुतळाने वज्रेश्वरीचा अंगारा आणून घोडीच्या कपाळाला लावला. शेवंतीने अंगाऱ्याची पुडी खाल्ली. कागदासकट.

१९ डिसेंबर

सरकारी दवाखान्याचे डॉक्टर येऊन गेले. तरुण आहेत, पण घोड्याच्या मागच्या बाजूने जात नाहीत, म्हणजे हुशार. डोळ्याची पापणी उलटून पाहिली, लीद काडीने उकरून पाहिली. जंत आहेत म्हणाले. औषध पाजलं. शिवाय अंगात क्षार कमी पडतात म्हणून भिंत चाटते, सैंधवाचा खडा टांगा म्हणाले.

टांगला. अर्धा अय्यूबने चाटून पाहिला. चव बघत होता म्हणे.

२ जानेवारी १९८८

चुना चाटणं थांबलं! खडा चाटते, भिंतीला तोंड लावत नाही. डॉक्टरला मानलं.

पण लाकूड चालूच. लीदही. रामनाथ येताजाता विचारतो, "दादा, गव्हाण उरली का?"

८ जानेवारी, शुक्रवार

सापडलं! सापडलं!!

आज सकाळपासून ओट्यावर कान देऊन बसलोय. तबेल्यातून एकदासुद्धा कट् नाही! वहीत मागे जाऊन पाहिलं. रोज ओट्यावरून ऐकून केलेल्या सकाळ-दुपारच्या खुणा आहेत, शुक्रवारच्या जागा कोऱ्या. एक तारीख कोरी. त्याच्या आधीचा शुक्रवार कोरा. शुक्रवारी काय नसतं भिवंडीत? लूम! शुक्रवारी लूम बंद. शेजारच्या गाळ्याची सहा दिवसांची खटाखट ऐकून बिचारीचं डोकं फिरतं आणि ती लाकूड चावते. इतकं साधं! आणि हे कोणी ओळखलं? डॉक्टरने नाही. या कानांनी!

१० जानेवारी

रामनाथला ऐकवलं. तुझ्या लूमनेच घोडी बिघडवली, आणि तू वर तबेला पाडायला निघालास!

तो शांतपणे म्हणाला, "दादा, असं असतं तर भिवंडीतल्या सगळ्या माणसांनी लाकूड खायला पाहिजे. दाराच्या चौकटी उरल्या नसत्या."

सून आत फसकन हसली. हसू दे. पोराचा युक्तिवाद लूमच्या बाजूचा आहे.

१७ जानेवारी

परवाचा शुक्रवारही गप्प. आता पुरावा पक्का करायचा. शेवंतीला दिघाशीला पाठवली, काळूरामकडे — पुतळाचा भाऊ. तिथे कोसभर लूम नाही. चण्याची पेटी बरोबर दिली, कागदावर सगळं लिहून दिलं. काय द्यायचं, केव्हा द्यायचं. गवत मूठभरच. बैलांच्यात बांधू नकोस, पाहुणी आहे, वेगळी खोली दे.

आता बघा म्हणावं.

२६ जानेवारी

दुपारी काळूराम आला. ओट्यावर बसायच्या आधीच म्हणाला, "दाजी, तुमचे घोरीनं माजी कणगी खाल्ली."

"काय खाल्लं?"

"कणगी. भाताची. बांबू खाल्ला, भात तसाच ठेवला. माझी बायको बोलते, पाहुणी हाय का वाळवी हाय?"

दहा दिवस, लूमचा आवाज नाही, आणि तरी! रामनाथ समोरच होता. काही बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

जाताना काळूराम पुतळाजवळ थोडा वेळ बसला. बाहेर येऊन मला म्हणाला, "ताई अशी गप्प काय बसतं? आगुदर बाजारान हाक मारली त तीन गल्ल्या ऐकू जायची." खरं आहे. पुतळा म्हावरं विकायची. बोंबील, कोळंबी, निवट्या. टोपली घेऊन बसली की दुसऱ्यांचं गिऱ्हाईक तिच्याकडे वळायचं. हे घर बांधलं तेव्हा मीच टोपली माळ्यावर टाकली. वखारवाल्या शेठची बायको बाजारात बसलेली बरी दिसत नाही. म्हटलं काळूरामला, दमली होती, आता आराम करते.

२८ जानेवारी

शेवंती परत आणली. येताना टांग्याची दांडी चावली.

माझे कान माझेच आहेत ना, अशी शंका येते.

५ फेब्रुवारी, शुक्रवार

आज जे झालं ते नीट लिहून ठेवतो. घाई नको.

सकाळी दहाच्या सुमारास वखारीच्या मागच्या बाजूला गाठी मोजायला गेलो होतो. सहसा मी तिथे जात नाही, दिवाणजी जातो. गाठींच्या थप्पीपलीकडे मागचं अंगण आहे, अय्यूब तिथे नवाबला बांधतो. थप्पीच्या पलीकडून बाईचा आवाज आला.

"चल गं माझी राणी. आली ना परत? खा. पोटभर खा. तुझा शेठ वखारवाला, आन् तुझ्या नशिबात मूठभर गवत. आता बघ, नवाब कसा वाट बघतो तुझी."

हबीबा! आणि तिच्या बोलण्याच्या मागे दुसरा आवाज — खर्र-खर्र, खर्र-खर्र, एका लयीत. गवत चावण्याचा. एक नाही, दोन तोंडांचा. हा आवाज मी साठ पावलांवरून ओळखतो. लाकडाचा कट् त्यात नव्हता.

थप्पीला वळसा घालून पुढे झालो. शेवंती नवाबच्या अंगाला अंग लावून उभी. पुढ्यात अख्खी गाठ फोडलेली. माझ्याच वखारीची! हबीबाच्या हातातलं गवत खाली पडलं.

"भाईसाब... अय्यूबला काही बोलू नका. त्याला माहीत नाही."

"कधीपासून?"

"दर जुम्म्याला." मग एकदा तोंड उघडल्यावर ती थांबेना. अय्यूब शुक्रवारी सकाळीच धुतलेले कपडे घेऊन बहिणीकडे जातो, आंघोळ तिथे, नमाज करून संध्याकाळी येतो. चण्याच्या पेटीची चावी त्याच्या कमरेला. "माझ्याकडे चावी नाही. जनावर काय संध्याकाळपर्यंत उपाशी ठेवू? म्हणून इकडे आणते, गवत टाकते. तुम्ही गवताला नको म्हणालात, म्हणून तुम्हाला दिसणार नाही असं बांधते. तो यायच्या आत परत नेते."

मी खाली गाठीवर बसलो.

म्हणजे शुक्रवारी मी कान लावून बसायचो तेव्हा तबेल्यात घोडी नव्हतीच! रिकाम्या तबेल्याची शांतता ऐकून मी लूमला दोष देत होतो!

हसायला लागलो. हबीबा घाबरली, तिला वाटलं शेठला काहीतरी झालं. मी म्हटलं, "भाभी, दोन महिने सगळ्या गावाला विचारत फिरलो. तुला का नाही विचारलं?"

"मला कोण विचारणार?" ती म्हणाली, आणि झाडू घेऊन अंगण झाडायला लागली.

६ फेब्रुवारी

हुकूम फिरवला. चणे चौथा हिस्सा. बाकी गवत — सकाळपासून संध्याकाळपर्यंत पुढ्यात, जेवढं खाईल तेवढं. लादीच्या खोलीतून बाहेर. नवाबच्या शेजारी.

अय्यूब म्हणाला, "वहिनीला सांगू का? राणीने टांगेवाल्या नवाबशी पाट लावला म्हणून?"

९ फेब्रुवारी

दोनदा लाकडाला तोंड लावलं. काल पाच वेळा होतं.

११ फेब्रुवारी

एकदा. तेही विसरल्यासारखं.

१३ फेब्रुवारी

शून्य. लीदेला तोंड नाही. गव्हाण शाबूत!

१५ फेब्रुवारी

डॉक्टरांना बोलावून सगळं सांगितलं. ते मांडी थोपटून हसले. म्हणाले, काका, मी जंत बघितले, खडा टांगला, पण गवत किती खाते हे विचारलंच नाही. वखारवाल्याच्या घोडीला गवत नसेल असं माझ्या मनात आलं नाही!

मग समजावून दिलं. घोडा म्हणजे दिवसाचे चौदा-पंधरा तास थोडं थोडं चरणारं जनावर. त्याची लाळ चावतानाच सुटते, आणि तीच पोटातली जळजळ शमवते. पोटातलं आंबट पाणी मात्र चोवीस तास झरतं, खा अगर न खा. आपण काय करतो? मायेने दोन वेळा चणे देतो. दहा मिनिटांत खाऊन मोकळं. मग दिवसभर पोट जळतं, तोंड रिकामं, बाजूला कोणी नाही, करायला काही नाही. मग जे हाती लागेल ते चावतं. लाकूड, लीद, शेपटी. भूक नव्हे ती, काका. चणे कितीही वाढवले तरी जात नाही. उलट वाढते.

लिहून ठेवलं. ‘मायेने’ या शब्दाखाली रेघ मारली. का, ते माहीत नाही.

१७ फेब्रुवारी

शेलारला गेलो. लडकूच्या पुतण्याचं लग्न रविवारी. म्हटलं, घोडी माझी. ठकुबाई काठी टेकत बाहेर आली. "आधी तिचं तोंड बांध."

"तोंड मोकळं ठेवतो, आजी. आणि मेढीलाच बांधतो."

म्हातारीने माझ्याकडे बघितलं. मग म्हणाली, "मेढीला दात लागला त त्या मेढीनंच तुला हाणीन."

"कबूल."

२१ फेब्रुवारी, रविवार

जिंकलो!!

सकाळी निघालो तो थाटात — पुढे शेवंती, मागे टांगा, टांग्याला नवाब. नवाबला सोडून ती आता कुठे जात नाही. शेलारच्या वेशीवरच पोरी हसायला लागल्या. "घोडीसोबत करवली आली! म्हातारी करवली!" अय्यूबने नवाबच्या कानात झेंडूचं फूल खोचलं. म्हणे, करवली आहे तर नटली पाहिजे.

शेवंतीला मेढीला बांधली. लगाम ढिला. पुढ्यात गवताचा भारा — माझ्या हाताने सोडला, दिघाशीच्या डोंगराचा. नवाब बाजूला. अख्खं गाव जमलं. नवरदेवाकडे कोणी बघत नव्हतं! ठकुबाई मेढीपासून हातभर अंतरावर खुर्ची टाकून बसली, काठी मांडीवर.

पाऊण तास. शेवंतीने मान वर केली. मेढीकडे वळवली. आंब्याचे डहाळे हुंगले. म्हातारीने काठी उचलली —

शेवंतीने फुर्रर्र केलं आणि परत गवताला तोंड लावलं. खर्र-खर्र, खर्र-खर्र. असा गोड आवाज मी जन्मात ऐकला नाही.

वाजंत्र्यांनी मुहूर्ताची वाट न बघता सनई धरली. लडकूने मला मिठी मारली. ठकुबाईने उठून घोडीच्या कपाळाला कुंकू लावलं आणि मला म्हणाली, "जनावराला खायला घालीत जा रे, मेल्या." नवरदेव घोडीवर बसला तेव्हा शेवंतीचं पोट थोडं सुटलेलं दिसत होतं. दिसू दे! तिच्या अंगावर जी चमक होती ती चण्याने कधी आली नव्हती.

पुढच्या पाच लग्नांच्या सुपाऱ्या आज तिथल्या तिथे मिळाल्या. त्यातल्या तिघांनी अट घातली — करवलीसकट.

२२ फेब्रुवारी

रामनाथने शब्द पाळला. मशीनवाल्याला फोन करून नाही म्हणाला. वर मलाच म्हणतो, "दादा, लूम आता तुमच्या लादीच्या खोलीत बसवू का? रिकामीच आहे." म्हटलं, चारच. आणि अय्यूबच्या भिंतीला हात लावायचा नाही. हसला. बापाचा पोरगा आहे!

अय्यूबला चण्याच्या पेटीची चावी हबीबाकडे द्यायला लावली. तो म्हणाला, "आता माझी घरात काय इज्जत राहिली?" ती म्हणाली, "आधी कुठे होती?"

दुपारी पानवाल्यापासून डॉक्टरपर्यंत सगळे ओट्यावर. पेढे वाटले. मी तिसऱ्यांदा सगळी गोष्ट सांगत होतो — चणे, लादी, एकटेपणा, रिकामं तोंड — आणि मला जरा दम लागला म्हणून थांबलो. तेव्हा आतून आलं.

कुरुम-कुरुम.

पुतळा झोपाळ्यावर होती. तिने दारातून बाहेर बघितलं आणि नेहमीच्या आवाजात म्हणाली, "घोरी बरी. तिला बोलता येत न्हाय, म्हणून तिची दोन महिने चौकशी केलीव."

पानवाला हसला. मी हातातला पेढा परत ताटात ठेवला.

२४ फेब्रुवारी

काल पुतळाला विचारलं. बाजारात बसशील? तिने झोपाळा थांबवला. मीच स्टूल ओढलं आणि टोपली टाकल्यापासून पहिल्यांदा माळ्यावर चढलो. आज पहाटे अय्यूबच्या टांग्यातून बाजारात गेली.

दोन वर्षं माळ्यावर पडलेली बांबूची टोपली. एक भोक नाही, कीड नाही. नुकत्याच धुरी दिल्याचा वास येत होता.